भिंतीवर स्टेन्सिलची नक्षी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्टेन्सिल म्हणजे नक्षी कापलेली शीट, ती भिंतीवर ठेवून वरून रंग द्यायचा. हे काम बहुतेक वेळा दोनच कारणांनी बिघडतं. रोलरवर रंग जास्त घेतला जातो, नाहीतर आखणी न करताच सुरुवात केली जाते. म्हणून या दोन प्रश्नांची उत्तरं सविस्तर आहेत, बाकीची लागतील तेवढीच.

कोणत्या भिंतीवर स्टेन्सिल चांगलं उठतं?

पुट्टी भरून, पॉलिश पेपरने घासून, इमल्शन दिलेल्या सपाट भिंतीवर. मॅट किंवा हलकी झाक असलेलं सॅटिन फिनिश सगळ्यात सोयीचं. चकचकीत ग्लॉस रंगावर वरचा रंग नीट धरत नाही. अशी भिंत २२० नंबरच्या पेपरने हलकी घासून तिची झाक घालवावी, ओल्या फडक्याने पुसून वाळू द्यावी आणि मग काम सुरू करावं.

चुना किंवा साधं डिस्टेंपर असलेल्या भिंतीवर तळहात घासून पाहा. हाताला पांढरी भुकटी लागली तर त्यावर स्टेन्सिल करू नका, कारण टेप काढताना खालचा थरच टेपबरोबर निघून येईल. तो थर खरवडून, प्रायमर आणि इमल्शन देऊनच पुढे जावं लागतं.

ओल आलेल्या, पोपडे सुटलेल्या किंवा पांढरा क्षार फुटलेल्या भिंतीवर नक्षी काढणं म्हणजे रंग वाया घालवणं. आधी पाणी कुठून येतंय ते शोधा. भिंत खूप जुनी असेल आणि खालच्या थरांत शिशाचा रंग असण्याची शक्यता असेल, तर ती कोरडी घासू नका. ती धूळ घातक असते, लहान मुलांना विशेष.

नवा रंग दिल्यावर किती दिवसांनी स्टेन्सिल करता येतं?

हाताला कोरडा लागतो म्हणून रंग पक्का झाला असं नाही. इमल्शन दोन-चार तासांत सुकतं, पण त्याला पूर्ण घट्ट व्हायला दोन ते चार आठवडे लागतात. इतकं थांबायची गरज नाही. मास्किंग टेप लावायची तर निदान २४ तास, हवा दमट असेल तर ४८ तास थांबा. खात्री करायची असेल तर दाराआडच्या कोपऱ्यात टेपचा तुकडा दाबून लावा आणि तासाभराने सावकाश ओढा. टेपला रंग आला तर अजून थांबायला हवं.

प्लास्टरच नवीन असेल तर गोष्ट वेगळी. ते पूर्ण वाळायला साधारण चार आठवडे द्यावेत, त्यानंतर प्रायमर, मग भिंतीचा रंग आणि सगळ्यात शेवटी नक्षी.

स्टेन्सिल किती जाडीचं घ्यावं?

भिंतीसाठी १९० ते २५० मायक्रॉनची पॉलिएस्टर शीट उत्तम. हिलाच बरेच जण मायलार म्हणतात. १०० ते १२५ मायक्रॉनची पातळ शीट कोपऱ्यात छान वळते, पण मोठ्या नक्षीत तिच्या बारीक टोकांना रोलर लागला की ती उचलली जातात आणि रंग खाली शिरतो. याउलट फार जाड शीटच्या कडेला रंग साचतो आणि वाळल्यावर नक्षीला बोटाला जाणवणारी किनार येते.

चिकट पाठीचं व्हायनल स्टेन्सिल एकदाच वापरता येतं. त्याच्या कडा अगदी धारदार येतात, त्यामुळे अक्षरं किंवा एकच मोठी आकृती असेल तर ते घ्या. भिंतभर नक्षीसाठी नको.

सामान काय काय लागेल?

स्टेन्सिल, ४ इंची बारीक फोमचा रोलर (शक्य तर दोन), एक गोल सपाट टोकाचा स्टेन्सिल ब्रश, रंगाचा ट्रे, जाड टिश्यू किंवा जुनं सुती फडकं, मास्किंग टेप, लेव्हल बॉटल (आडवी पातळी तपासायला), ओळंबा, मेजरिंग टेप, हलकी शिसपेन्सिल, कानातल्या कापसाच्या काड्या आणि एक शून्य किंवा १ नंबरचा चित्रकलेचा ब्रश. पुन्हा चिकटवता येईल असा स्प्रे गोंद असेल तर काम निम्म्याने सोपं होतं. भिंतीच्या मूळ रंगाची अर्धी वाटी झाकणबंद डबीत बाजूला ठेवा. दुरुस्तीला हाच रंग लागतो आणि नंतर मागवलेला डबा तंतोतंत जुळेलच असं नसतं.

रंग कोणता वापरावा? पाणी घालावं का?

भिंतीला वापरतो तेच पाण्यातलं अ‍ॅक्रिलिक इमल्शन चालतं. पाणी अजिबात घालू नका. भिंतीला रंगाचा हात (थर) मारताना रंगात पाणी घालायची सवय असते, ती इथे नडते, कारण पातळ रंग शीट आणि भिंत यांच्यातल्या फटीत आपोआप ओढला जातो. हस्तकलेच्या छोट्या बाटल्यांतले अ‍ॅक्रिलिक रंगही चालतात, पण मोठ्या भिंतीला ते पुरवणं महागात पडतं.

ऑइल पेंट टाळा. तो उशिरा वाळतो आणि तोवर पुढचा ठसा उमटवताना शीट ओल्या रंगावर बसते.

रंगसंगतीबद्दल आमचं मत असं: पहिल्यांदाच करत असाल तर भिंतीच्या रंगापेक्षा दोन-तीन छटा गडद किंवा फिकी असा त्याच कुळातला रंग घ्या. पांढऱ्यावर काळा दिसतो छान, पण त्यात एक मिलिमीटरची चूकसुद्धा खोलीच्या दुसऱ्या टोकावरून दिसते. मॅट भिंतीवर त्याच रंगाचं ग्लॉस वापरून केलेली नक्षी फक्त तिरप्या उजेडात दिसते, आणि तिच्यात चुका सगळ्यात कमी उठून दिसतात.

रंग किती लागेल आणि वेळ किती जाईल?

३४० सेंटीमीटर रुंद आणि २६० सेंटीमीटर उंच भिंत धरू. क्षेत्रफळ झालं साधारण ९ चौरस मीटर. स्टेन्सिलचा ४० टक्के भाग उघडा असेल तर प्रत्यक्ष रंगायचा भाग ३.६ चौरस मीटर. दोन हातांचे ७.२. एक लिटर इमल्शन एका हाताला साधारण १० चौरस मीटर पुरतं, म्हणजे पाऊण लिटरच्या आत काम होतं. स्टेन्सिलचा थर नेहमीपेक्षा पातळ असल्याने प्रत्यक्षात त्याहूनही कमी लागेल. एक लिटरचा डबा घेतला की दुरुस्तीलाही उरतो.

वेळेचा हिशेब ठशांच्या संख्येवरून करा. ४५ सेंटीमीटरची चौकोनी नक्षी असेल तर या भिंतीवर आडवे ८ आणि उभे ६ असे ४८ ठसे बसतात. एका ठशाला ५ मिनिटं धरली तर ४ तास. कडेचे आणि कोपऱ्यातले अर्धवट ठसे मात्र पूर्ण ठशापेक्षा जास्त वेळ खातात, त्यामुळे एका दिवसात भिंत पुरी होईल असं गृहीत धरू नका.

स्टेन्सिलच्या कडेखालून रंग पाझरतो. काय चुकतंय?

जवळजवळ नेहमीच रंग जास्त झालेला असतो. रोलर दाबला की फोममधला रंग पिळून निघतो, आणि त्याला जायला कडेखालच्या फटीशिवाय जागा नसते. म्हणून रोलर असा भरा:

१. ट्रेच्या उतारावर रंगाची पातळ फिल्म पसरा. रोलर रंगात बुडवायचा नाही, त्या फिल्मवरून सगळीकडून फिरवायचा.
२. मग तो घडी घातलेल्या टिश्यूवर पाच-सहा वेळा फिरवा. चिकट ओला चटचट आवाज येत असेल तर रंग अजून जास्त आहे. आवाज जवळपास बंद झाला पाहिजे.
३. भिंतीवर फक्त रोलरच्या वजनाइतका दाब द्या. पहिल्या हातात नक्षी फिकी, जाळीदार दिसेल. ती तशीच दिसायला हवी.
४. शीट न हलवता मिनिटभर थांबा आणि दुसरा हात द्या. पहिला थर इतका पातळ असतो की तो तेवढ्यात ओढला जातो.

लोक तिसऱ्या पायरीला घाबरतात. रंग बसला नाही असं वाटून रोलर दाबतात आणि तिथेच पाझर सुरू होतो. दोन कोरडे हात एका ओल्या हातापेक्षा केव्हाही स्वच्छ येतात.

रंग योग्य असूनही पाझरत असेल तर शीटची मागची बाजू पाहा. आधीच्या ठशांचा रंग तिथे चिकटला असेल तर तो पुढच्या प्रत्येक ठशात उमटणार. दर तीन-चार ठशांनी मागची बाजू कोरड्या किंवा किंचित ओल्या फडक्याने पुसायची सवय लावा. समोरच्या बाजूला साचलेल्या रंगाने काही बिघडत नाही. तिसरं कारण म्हणजे भिंतीचा खडबडीतपणा, ज्यावर शीट पूर्ण टेकतच नाही.

एक युक्ती अक्षरांसाठी उपयोगी आहे. व्हायनल स्टेन्सिल लावल्यावर कडांवर आधी भिंतीच्याच रंगाचा पातळ हात द्या. जे काही पाझरायचं ते त्या रंगाचं पाझरतं आणि फट बुजते. तो वाळला की वरून नक्षीचा रंग.

रोलर वापरावा की ब्रश?

मोठ्या, भिंतभर नक्षीला रोलर. एकाच आकृतीत छटा द्यायच्या असतील, पानाचं टोक गडद आणि देठ फिका असं काही हवं असेल, तर ब्रश. ब्रश घासायचा नसतो, भिंतीला काटकोनात धरून टोचत जायचं किंवा अगदी हलक्या हाताने गोल फिरवायचं, तेही कडेकडून आतल्या बाजूला. बाहेरच्या दिशेने फिरवलात तर केस कडेखाली घुसतात. खडबडीत भिंतीवरही ब्रशच चांगला.

आखणी कशी करायची? पहिला ठसा कुठे?

आधी कागदावर गणित, मग हातात रोलर. वरच्याच भिंतीचं उदाहरण पुढे नेऊ. रुंदी ३४० आणि नक्षीची पुनरावृत्ती ४५ सेंटीमीटर. इथे शीटची रुंदी मोजायची नाही. नक्षीतला एखादा बिंदू धरून, तोच बिंदू पुढच्या ठशात जिथे येईल तिथपर्यंतचं अंतर मोजायचं.

डाव्या टोकापासून सुरुवात केलीत तर ७ पूर्ण ठसे आणि उजवीकडे २५ सेंटीमीटरचा तुकडा. डावी आणि उजवी बाजू वेगळी, हे सोफ्यावर बसलेल्या कुणालाही जाणवतं. मधोमध सुरुवात केलीत तर दोन पर्याय आहेत. भिंतीचा मध्य नक्षीच्या मध्यावर धरला तर दोन्ही टोकांना साडेबारा सेंटीमीटरच्या चिंचोळ्या पट्ट्या उरतात. दोन ठशांमधला सांधा मध्यावर धरला तर दोन्ही टोकांना ३५ सेंटीमीटर उरतात. दुसरा पर्याय निवडा. टोकाचा तुकडा जितका मोठा तितकी भिंत नीटनेटकी दिसते, आणि चिंचोळ्या पट्टीत शीट दाबून बसवणं त्रासाचं असतं.

उंचीचा नियम वेगळा. वरून पूर्ण ठशाने सुरुवात करा आणि तुटलेला ठसा खाली येऊ द्या, तिथे तो फर्निचरमागे झाकला जातो.

आता मध्यरेषा. ओळंबा सोडून शिसपेन्सिलने बारीक ठिपके द्या, गडद रेघ मारू नका. खडूची दोरी मारणार असाल तर पांढरा किंवा निळा खडू घ्या, लाल खडूचा डाग इमल्शनखालून डोकावतो. मग पहिला उभा रकाना वरून खाली पूर्ण करा आणि त्याच्या आधाराने दोन्ही बाजूंना सरका.

बहुतेक तयार स्टेन्सिलवर जुळणीच्या खुणा किंवा कडेला आधीच्या ठशाचा थोडा भाग कापलेला असतो. रंगवलेल्या भागावर तो तंतोतंत बसवायचा. पण फक्त खुणांवर विसंबू नका. प्रत्येक ठशाला २ मिलिमीटर चूक झाली तर आठव्या ठशापर्यंत ती १४ मिलिमीटर होते. दर तिसऱ्या ठशाला लेव्हल बॉटल लावून पाहा, आणि चूक सापडलीच तर ती एकदम न सुधारता पुढच्या चार-पाच ठशांत थोडी थोडी जिरवा.

छतच सरळ नसेल तर?

छताची रेघ आणि लेव्हल यांच्यात टोकापासून टोकापर्यंत एखाद्या सेंटीमीटरचा फरक असेल तर भिंतभर नक्षी लेव्हलनेच घ्या. छताला अगदी लागून जाणारी पट्टीसारखी किनार असेल तर मात्र छताला समांतर जा, कारण डोळा तिची तुलना छताशीच करतो. मोठा फरक असेल तर किनार छतापासून १५–२० सेंटीमीटर खाली आणा.

कोपरे आणि स्विच बोर्ड कसे सांभाळायचे?

भिंतभर काम आधी उरका, कोपरे शेवटी एकत्र घ्या. तोवर सगळं वाळलेलं असतं आणि शीट कुठेही टेकवता येते. नक्षी दोन भिंतींवर सलग न्यायची असेल तर एका वेळी एकच बाजू रंगवा: शीट कोपऱ्यात वळवून एका भिंतीवर टेपने घट्ट करा, ब्रशने कोपऱ्यापर्यंत भरा, वाळू द्या, मग दुसरी बाजू. दुसऱ्या भिंतीवर टेप लावलेली असली की डाग लागत नाही. शीट वळवून ती मोडण्याची भीती वाटत असेल तर एक जादा स्टेन्सिल घेऊन कापून ठेवा. कोपऱ्याला पोचेपर्यंत ते पैसे वसूल होतात.

स्विच बोर्डसाठी मुख्य स्विच बंद करून झाकण काढा आणि उघड्या भागावर टेप लावा. नक्षी झाकणाच्या कडेखाली थोडी गेली की जोड दिसत नाही. झाकण काढता येत नसेल तर त्याच्या कडेभोवती टेप लावा आणि तिथे शीट हाताने दाबून ब्रशने भरा.

रंगवताना शीट सरकते किंवा मध्येच फुगते. उपाय?

नुसती टेप कडा धरते, मधला भाग नाही. पुन्हा चिकटवता येणारा स्प्रे गोंद शीटच्या मागच्या बाजूला २०–२५ सेंटीमीटरवरून अगदी हलका मारा आणि मिनिटभर थांबा, म्हणजे तो ओला न राहता नुसता चिकट होईल. लगेच लावलात तर गोंद भिंतीवर उतरतो. चार-पाच ठशांनंतर पकड कमी झाली की पुन्हा मारायचा. खिडकी उघडी ठेवा आणि गोंद खोलीबाहेर मारता आला तर फारच उत्तम, कारण त्याचे कण फरशीवर बसून ती चिकट करतात.

काही ठसे गडद, काही फिके आलेत. असं का?

रोलर ताजा भरलेला असताना केलेला ठसा गडद येतो आणि रंग संपत आलेला असताना केलेला फिका. दर ठशाला रोलर नव्याने भरा, मग फरक आटोक्यात राहतो. दर पाच-सहा ठशांनी तीन मीटर मागे जाऊन पाहा. जवळून दिसणारे फरक बऱ्याचदा लांबून नाहीसे होतात, आणि थोडा चढउतार हा हाताच्या कामाचा स्वभावच आहे. पंखा जोरात असेल तर रोलरवरचा रंग अर्धवट वाळून गुठळ्या होतात, तो बंद ठेवा.

दोन-तीन रंगांची नक्षी कशी जुळवायची?

प्रत्येक रंगाला वेगळी शीट असेल तर पहिला रंग पूर्ण भिंतीवर करून घ्या, चार तास जाऊ द्या, मग दुसरी शीट जुळणीच्या छिद्रांवर बसवा. एकाच शीटमध्ये दोन रंग भरायचे असतील तर दुसऱ्या रंगाच्या जागा टेपने झाका आणि प्रत्येक रंगाला वेगळा रोलर ठेवा.

चूक झाली तर काय करायचं?

ओली असेल तर ओल्या, पिळलेल्या कापसाच्या काडीने लगेच उचला. वाळली असेल तर घासत बसू नका. बारीक ब्रशने भिंतीचा मूळ रंग त्यावर लावा. पूर्ण ठसाच तिरका गेला असेल तर तो वाळू द्या, हलका घासा, मूळ रंगाचे दोन हात द्या आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा काढा. दुरुस्त्या सगळ्या एकत्र शेवटी करा, आणि दिवसाच्या उजेडात करा.

स्टेन्सिल कसं धुवायचं?

काम थांबवताच कोमट पाण्यात सपाट भिजवा, भांड्याच्या साबणाचे दोन थेंब टाका आणि दहा-पंधरा मिनिटांनी मऊ स्पंजने पुसा. ब्रशने जोरात घासलंत तर मधल्या नाजूक पट्ट्या तुटतात. रंग पूर्ण वाळलाच असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोल कापडावर घेऊन पुसा, आगीपासून लांब. सपाट वाळवा, सपाटच ठेवा. पट्टी तुटली तर दोन्ही बाजूंनी चिकटटेप लावून जास्तीचा भाग ब्लेडने कापता येतो.

घरी स्टेन्सिल कापता येईल का?

नक्की येतं, फक्त नक्षी निवडताना एक गोष्ट पाहा. वर्तुळाच्या आत वर्तुळ असं काही असेल तर आतला तुकडा गळून पडतो. त्याला धरून ठेवणाऱ्या जोडपट्ट्या ठेवाव्या लागतात, आणि त्या निदान ३–४ मिलिमीटर रुंद हव्यात.

छापलेली नक्षी पारदर्शक शीटखाली टेपने लावा, खाली कापायची मॅट ठेवा. आधी बारीक छिद्रं कापा, मोठी शेवटी, कारण मोठी कापल्यावर शीट लवचीक होते. वळणावर चाकू न फिरवता शीट फिरवा. ब्लेड बोथट झालं की जोर वाढतो आणि मग ते निसटतं, त्यामुळे ब्लेड बदलायला कंजूषी नको. लेसरवर कापून घेणार असाल तर पीव्हीसी शीट देऊ नका. ती तापली की हायड्रोजन क्लोराइडचा त्रासदायक वायू सुटतो.

सोनेरी किंवा चंदेरी रंग वापरता येतो का?

येतो, आणि गडद भिंतीवर तो खुलतो. धातूच्या रंगात चमकणारे कण असतात, ते ज्या दिशेने बसतील तसा उजेड परततो. म्हणून सगळे ठसे एकाच दिशेने रोलर फिरवून संपवा. डबा सतत ढवळा, कण तळाशी बसतात. दोनऐवजी तीन पातळ हात लागतील.

उठावाची नक्षी कशी करतात?

त्यासाठी १ मिलिमीटरच्या आसपास जाड स्टेन्सिल लागतं आणि रंगाऐवजी दाट पुट्टी किंवा टेक्स्चर पेस्ट. पुट्टी लावायच्या पत्र्याने एका दिशेने ओढून थर सपाट करा आणि ओलं असतानाच शीट सरळ बाहेर उचला. वाळेपर्यंत थांबलात तर कडा तुटतात. पूर्ण वाळल्यावर टोकं २२० नंबरने हलकी घासा, प्रायमर द्या, मग रंग. शीट प्रत्येक ठशानंतर धुवावी लागते, इथे सूट नाही. आणि पुढचा ठसा शेजारी न घेता एक सोडून घ्या, नाहीतर शीट ओल्या नक्षीवर टेकते.

वरून वार्निश लावावं का?

नेहमीच्या खोलीत गरज नाही. हात सतत लागणाऱ्या पॅसेजमध्ये किंवा सिंकजवळ पाण्यातलं मॅट पॉलियुरेथेन लावा, तेलातलं कालांतराने पिवळं पडतं. लावायचं तर अख्ख्या भिंतीला. नुसत्या नक्षीवर लावलंत तर झाकेचे ठिगळ दिसतात. नक्षी झाल्यावर निदान दोन-तीन दिवस थांबा.

स्प्रे पेंटने पटकन होईल का?

रंगवणं पटकन होतं, झाकाझाक नाही. रंगाचे कण हवेत तरंगून लांब बसतात, त्यामुळे शीटच्या चारही बाजूंना हातभर कागद लावावा लागतो. २५–३० सेंटीमीटरवरून, हात चालता ठेवून, हलके फवारे. सेंद्रिय वाफांसाठीचा (ऑरगॅनिक व्हेपर) मास्क आणि उघड्या खिडक्या हव्यातच. एखाद्या छोट्या आकृतीला ठीक, खोलीच्या आत अख्ख्या भिंतीला आम्ही सुचवणार नाही.

कंटाळा आला तर भिंत पुन्हा साधी करता येईल?

येईल, पण वरून थेट रंग मारू नका. नक्षीच्या कडा बारीक उंचवट्यासारख्या असतात आणि नव्या रंगाखालून तिरप्या उजेडात त्या दिसत राहतात. १५० नंबरने कडा घासून काढा, बोट फिरवून तपासा, २२० नंबरने एकसारखं करा, धूळ पुसा. मग प्रायमरचा एक हात आणि रंगाचे दोन. नक्षी गडद किंवा सोनेरी असेल तर प्रायमरचे दोन हात लागतात. नवा रंग मॅट घ्या.